ग्राफिक्ससाठी डेस्कटॉप: कंपनी बघायची की एसएमपीएस?

जळगावचं गोलाणी मार्केट असो की धुळ्याचा आग्रा रोड, कॉम्प्युटरच्या दुकानात दिवसभर एक प्रश्न हमखास ऐकू येतो, “भाऊ, कोणत्या कंपनीचा घेऊ?” विचारणाऱ्यांत कोणी फ्लेक्सवाला असतो, कोणी लग्नाच्या व्हिडिओचं मिक्सिंग करणारा, कोणी बांभोरीला किंवा शिरपूरला इंजिनिअरिंग करणाऱ्या मुलीचे वडील, तर कोणी अहिराणी गाण्यांचा यूट्यूब चॅनल चालवणारा तरुण. सगळ्यांची मागणी सारखीच असते. ग्राफिक्स चांगलं पाहिजे आणि पुढे वाढवता आलं पाहिजे. दुकानदार डेल, एचपी, लेनोवो, एसर, आसूस अशी नावं घेतो आणि शेवटी म्हणतो, “नाहीतर असेंबल करून देतो.”

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. पुढच्या पत्र्यावरच्या नावावरून सर्व्हिस कशी मिळेल एवढाच अंदाज येतो. ग्राफिक्सचं काम किती पेलेल आणि चार वर्षांनी मशीन वाढवता येईल का, हे आतला एसएमपीएस (सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा), मदरबोर्ड आणि कॅबिनेट ठरवतात. खान्देशात त्यात ऊन आणि वीज हेही धरावंच लागतं.

आधी काम बघू. फ्लेक्सचं घ्या. वीस बाय दहा फुटांचा वाढदिवसाचा बॅनर ७२ डीपीआयवर केला तरी फाइल १७,२८० बाय ८,६४० पिक्सेलची होते, म्हणजे जवळपास १५ कोटी पिक्सेल. सीएमवायकेमध्ये एवढ्या मापाच्या एकाच पूर्ण लेयरला ६०० एमबी लागतात. त्यावर नेत्यांचे कटआउट, सावल्या आणि मजकूर चढत गेला की १६ जीबी रॅमचं मशीन धापा टाकायला लागतं. अशा वेळी महागडं ग्राफिक कार्ड बसवून फारसं काही साधत नाही. फोटोशॉप आणि कोरलड्रॉला रॅम लागते, चांगला प्रोसेसर लागतो आणि वेगवान एनव्हीएमई एसएसडी लागतो. लग्नाच्या अल्बमचंही तेच. १२ बाय ३६ इंचांचं एक पान ३०० डीपीआयवर ३ कोटी ८८ लाख पिक्सेलचं असतं आणि अशी चाळीस-पन्नास पानं लग्नसराईत एका आठवड्यात काढून द्यायची असतात. या दोन्ही धंद्यांत कार्डाचे पैसे वाचवून ३२ जीबी रॅम घेणारा माणूस शहाणा.

व्हिडिओचं गणित वेगळं आहे, आणि तिथेच सर्वांत जास्त लोक फसतात. आपल्याकडे लग्नाचं मिक्सिंग करणाऱ्यांमध्ये एडियस हे सॉफ्टवेअर वर्षानुवर्षं रुजलेलं आहे. इंटेलच्या प्रोसेसरमध्येच जे ग्राफिक्स असतं, त्यातल्या ‘क्विक सिंक’ या सोयीचा एडियसला मोठा आधार मिळतो. आता दुकानात काय होतं? थोडे पैसे वाचतात म्हणून नावाच्या शेवटी ‘एफ’ असलेला प्रोसेसर गळ्यात मारला जातो, उदाहरणार्थ आय-५ १२४००एफ. त्या ‘एफ’चा अर्थ आतलं ग्राफिक्स बंद. बाहेरचं कार्ड लावलेलं असलं की पडद्यावर चित्र दिसतं, त्यामुळे गिऱ्हाइकाच्या काही लक्षात येत नाही. दुसरी अडचण कॅमेऱ्यांची. सोनी ए७ फोरसारखे नवे कॅमेरे एच.२६५ मध्ये १०-बिट ४:२:२ चित्रण करतात. ते सुरळीत चालवायची सोय इंटेलच्या ११व्या पिढीपासूनच्या आतल्या ग्राफिक्समध्ये आहे. एनव्हिडियाच्या कार्डांमध्ये ती २०२५ मध्ये आलेल्या ५० मालिकेपर्यंत नव्हती. म्हणजे ४० मालिकेतलं भारी कार्ड आणि ‘एफ’ प्रोसेसर अशी जोडी घेतलेला माणूस टाइमलाइनवर अडखळत बसतो, आणि साधा आय-५ घेतलेला शेजारी त्याच क्लिपवर सरळ कट मारत जातो.

डाविंची रिझॉल्व्हचं तसं नाही. मोफत आवृत्तीमुळे ते तरुण पोरांमध्ये झपाट्यानं पसरलंय, आणि कलर ग्रेडिंग असो की नॉइज काढणं, सगळं काम ते कार्डावर ढकलतं. क्रोमा करणाऱ्यांनाही कार्डाचा फायदा होतो. धुळ्यापासून तासाभरावरच्या मालेगावात शेख नासिर यांनी हिरव्या कापडापुढे नायक लटकवून ‘मालेगाव का सुपरमॅन’ केला. त्याच्या निर्मितीवरचा ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट २००८चा. त्या काळी जे काम रात्रभर रेंडर होत बसायचं, ते आज मधल्या दर्जाच्या कार्डावर चालू प्रिव्ह्यूत दिसतं. कोट्यवधी वेळा पाहिली गेलेली अहिराणी गाणी अशाच छोट्या शहरांतल्या मशीनवर कापली-जोडली जातात. या मंडळींना कोणी ‘ऑफिसचा ब्रँडेड पीसी चालेल’ असं सांगतं, तेव्हा मला खरंच वाईट वाटतं.

आर्किटेक्ट लोकांचं ऑटोकॅड एकाच कोअरच्या वेगावर चालतं. ल्युमियन किंवा डी५ सारखं थ्रीडी रेंडरिंगचं सॉफ्टवेअर उघडलं की मात्र सगळा भार कार्डावर आणि त्याच्या मेमरीवर जातो. तिथे ८ जीबी आता कमीच पडतात, १२ किंवा १६ घ्यावेत. एआय शिकणाऱ्या विद्यार्थ्याला एनव्हिडियाचं कूडा लागतं, म्हणजे कार्डही एनव्हिडियाचंच घ्यायचं. एएमडीची कार्डं गेमसाठी पैसे वसूल करून देतात, पण अभ्यासक्रमातली उदाहरणं बहुतेक कूडावर लिहिलेली असतात.

आता कंपन्यांकडे वळू. भारतातल्या पीसीच्या बाजारात एचपी अनेक वर्षं आघाडीवर आहे. मागोमाग लेनोवो, डेल, एसर आणि आसूस. ऑफिससाठी या सगळ्यांचे टॉवर चांगले असतात. आवाज कमी, वीज कमी, आणि ऑनसाइट वॉरंटी घेतली असेल तर माणूस घरी येतो. पण यातला एखादा टॉवर उघडून बघा. डाव्या बाजूचा पत्रा सरकवला की एसएमपीएसवर १८० वॉटचं लेबल दिसतं, फार तर २६० किंवा ३००चं. बोर्डाला जाणारी वायर बाजारातल्या नेहमीच्या २४ पिनांची नसते. कंपनीनं स्वतःचा छोटा कनेक्टर दिलेला असतो, कुठे चार पिनांचा, कुठे सहा, कुठे दहा. एसएमपीएसचा आकारही वेगळा, बोर्डाला भोकं वेगळ्या जागी, पुढच्या पॉवर बटणाची वायर वेगळी. मोठं कार्ड लावायचं तर एसएमपीएस बदलावा लागतो. बाजारातला एसएमपीएस बोर्डाला बसत नाही. बोर्ड बदलायचा म्हटलं तर तो कॅबिनेटमध्ये बसत नाही. शेवटी मूळ मशीनमधले प्रोसेसर, रॅम आणि एसएसडी तेवढे हाती राहतात. ऑप्टिप्लेक्स, इन्स्पिरॉन, एचपी प्रो, थिंकसेंटर या सगळ्या मालिकांमध्ये हा प्रकार कमी-अधिक आहे. डेलनं जानेवारी २०२५ मध्ये ऑप्टिप्लेक्स हे नाव बंद करून ‘डेल प्रो’ असं नवं नाव आणलं, तरी घेताना पत्रा सरकवून आत बघायचंच.

पीसीआय-एक्सप्रेसच्या खाचेतून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॉट मिळतात. त्यामुळे अशा ब्रँडेड टॉवरमध्ये वेगळी वायर न मागणारंच कार्ड चालतं. जीटीएक्स १६५० चे काही नमुने त्यात बसतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेलं आरटीएक्स ३०५० चं ६ जीबी मॉडेल ७० वॉटचं आहे. पैसे जास्त असतील तर ७० वॉटचंच आरटीएक्स ए२००० आहे. एवढ्यावर काम भागणार असेल तर ब्रँडेड टॉवर घ्यायला हरकत नाही. मात्र तो बारका, आडवा ठेवायचा स्मॉल फॉर्म फॅक्टर असेल तर कार्डसुद्धा अर्ध्या उंचीचं लागतं.

ब्रँडेडमध्ये दोन अपवाद आहेत. पहिला गेमिंगच्या मालिकांचा. एचपीच्या ओमेन ४०एलमध्ये नेहमीचा एटीएक्स एसएमपीएस येतो, लेनोवोच्या लिजन टॉवरमध्येही तो बदलता येतो. बोर्ड मात्र कंपनीचाच, त्यामुळे बायोसमधली मोकळीक कमी. दुसरा अपवाद वर्कस्टेशनचा, म्हणजे एचपी झेड, लेनोवो थिंकस्टेशन, आणि डेलची जुनी प्रिसिजन मालिका, जिला आता ‘डेल प्रो मॅक्स’ म्हणतात. जळगावच्या एमआयडीसीत पाइप, ठिबक आणि चटईच्या उद्योगांसाठी मोल्ड काढणाऱ्यांनी इकडे बघावं. सॉलिडवर्क्समधलं रिअलव्ह्यू प्रमाणित व्यावसायिक कार्डांवरच चालतं, आणि सॉफ्टवेअर कंपनीची मदत हवी असेल तर मशीन प्रमाणित यादीत असलेलं बरं. एका मोल्डच्या चुकीची किंमत मशीनपेक्षा जास्त असते, तिथे काटकसर नको.

ॲपलच्या मॅक मिनीबद्दल हल्ली बरेच जण विचारतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेला एम४ चा मिनी पहिल्याच मॉडेलमध्ये १६ जीबी मेमरी देतो. व्हिडिओचं काम तो थंड डोक्यानं करतो आणि वीज फारच कमी खातो. पण मेमरी कधीच वाढत नाही, कार्ड लावता येत नाही आणि एडियस त्यावर चालत नाही. ‘पुढे वाढवता आलं पाहिजे’ ही अट असेल, तर त्याचा विचार तिथेच थांबतो.

म्हणून मी असेंबलच्या बाजूचा आहे, पण एका अटीवर, एसएमपीएस नीट बघून घ्यायचा. कॅबिनेटसोबत जो फुकट येतो, त्याच्या बाजूला ४५० वॉट असं मोठ्या अक्षरात छापलेलं असतं. खालचं बारीक अक्षरांतलं कोष्टक वाचा. प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही १२ व्होल्टच्या लाइनवर चालतात. तिथे १८ अँपिअर लिहिलं असेल, तर १२ गुणिले १८, म्हणजे २१६ वॉट. हे त्याचं खरं बळ, बाकीचा आकडा नुसता छापलेला. आरटीएक्स ४०६० ला ११५ वॉट लागतात, ५०६० ला १४५, ५०६० टीआयला १८०, आणि प्रोसेसरचे वेगळे. एनव्हिडिया ५०६० साठी ५५० वॉटचा एसएमपीएस सुचवते. मी ६५० घ्यायला सांगेन. तो ८० प्लस ब्राँझ किंवा गोल्डचा आणि किमान पाच वर्षांच्या वॉरंटीचा असावा. बोर्ड, प्रोसेसर, कार्ड सगळं बदललं तरी एवढी एक वस्तू दोन मशीन पुरते.

आता आपल्या भागाचं. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, ही काही बातमी राहिलेली नाही. पंख्यानं थंड होणारं कोणतंही मशीन खोलीतल्या हवेपेक्षा थंड होऊ शकत नाही. पुण्यात २५ अंशांच्या खोलीत ७० अंशांवर चालणारं कार्ड आपल्याकडे ४२ अंशांच्या खोलीत ८७ च्या आसपास जाणार. त्या तापमानाला कार्ड स्वतःला वाचवण्यासाठी वेग उतरवतं. म्हणजे यूट्यूबवर मुंबई-दिल्लीच्या एसी खोलीत मोजलेले आकडे आपल्याकडे दुपारी मिळणार नाहीत. उपाय महागडे नाहीत. पुढचं तोंड जाळीचं असलेलं कॅबिनेट घ्यावं, काचेचं नको. हवा आत ओढणारे दोन पंखे, बाहेर फेकणारा एक. कार्ड तीन पंख्यांचं मिळालं तर उत्तम, पण त्याची लांबी कॅबिनेटच्या मापाशी ताडून घ्या. पाण्याच्या कूलरसमोर मशीन ठेवू नका. तिथली हवा गार असते पण ओलसर, आणि बोअरच्या क्षारयुक्त पाण्याचा पांढरा थर फिनवर बसतो. जिनिंग किंवा डाळमिलच्या जवळ दुकान असेल तर कापसाचा तंतू आणि भुसा महिन्याभरात जाळी बुजवतात. ब्लोअर घरात ठेवावाच.

विजेचंही तसंच. दुकानात मशीनसोबत सर्रास ६०० व्हीएचा यूपीएस लावून देतात. त्याची खरी ताकद ३६० वॉट. रेंडर चालू असताना लाइट गेला की कार्ड आणि प्रोसेसर मिळून तेवढे सहज ओढतात, यूपीएस किंचाळतो आणि मशीन बंद पडतं. चांगल्या एसएमपीएसमध्ये पॉवर फॅक्टर सुधारणारं सर्किट असतं. स्वस्त यूपीएसच्या चौकोनी लाटेशी कधीकधी त्याचं जुळत नाही. कार्डवालं मशीन असेल तर १००० व्हीएच्या पुढचा, जमल्यास शुद्ध साइन वेव्हचा यूपीएस घ्यावा. आणि अर्थिंग तपासावं. आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात. आठवड्यातून एकदा खड्ड्यात बादलीभर पाणी ओतायला कोणी सांगत नाही. हजारोंचा बोर्ड त्यानं वाचतो.

कार्डाबद्दल बोलताना आपल्याकडे गिऱ्हाईक जीबीत बोलतं, “चार जीबीचं ग्राफिक कार्ड टाका.” आणि दुकानदार चार जीबीचं जीटी ७३० टाकतो. ते २०१४ मधलं कार्ड आहे, आणि आजच्या आय-५ मधलं आतलं ग्राफिक्स बहुतेक कामांत त्याच्यापेक्षा सरस ठरतं. जीटी १०३० मध्ये व्हिडिओ एन्कोड करायची सोयच नाही. एएमडीच्या आरएक्स ६५०० एक्सटीमध्येही नाही, आणि जुन्या बोर्डावर तर ते अजूनच मंदावतं, कारण त्याला पीसीआय-एक्सप्रेसच्या चारच लेन आहेत. जुनं कार्ड घेणार असाल तर लक्षात घ्या, जीटीएक्स १०५० टीआय, १०६० या १० मालिकेला एनव्हिडियानं ऑक्टोबर २०२५ नंतर फक्त सुरक्षेचे अपडेट ठेवलेत. १६५० अजून चालू यादीत आहे. व्हिडिओ आणि थ्रीडीसाठी जुन्यात आरटीएक्स ३०६० चं १२ जीबी मॉडेल माझ्या मते आजही सर्वांत समंजस निवड आहे. मात्र सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचं मायनिंग बंद झाल्यावर रात्रंदिवस राबलेली कार्डं बाजारात आली होती. पंखे आणि थर्मल पॅड बघितल्याशिवाय जुना माल घेऊ नये.

रिफर्बिश्डबद्दल थोडंच सांगतो. पुण्या-मुंबईच्या कंपन्यांतून निघालेले छोटे डेल-एचपी इकडे भरपूर येतात. महा ई-सेवा केंद्र किंवा टॅली यासाठी ते ठीक आहेत. पण १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपला, आणि विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या ८व्या पिढीपासून पुढेच चालतं. सहाव्या-सातव्या पिढीचं मशीन कितीही चकचकीत पुसून दिलं तरी ते ग्राफिक्सच्या कामासाठी घेऊ नये.

पुढे वाढवायचं म्हणजे नेमकं काय वाढतं? आधी रॅम, मग एसएसडी, मग कार्ड. प्रोसेसर फार थोडे लोक बदलतात, पण बदलायचा झालाच तर बोर्डाचं सॉकेट आड येतं. २०१८ मध्ये एएमडीसाठीचा बी४५० बोर्ड घेतलेल्या माणसाला बायोस अपडेट करून २०२२ चा रायझेन ५८००एक्स३डी त्याच बोर्डावर बसवता आला. त्याच काळात इंटेलची सॉकेट ११५१, १२००, १७०० अशी बदलत गेली. एएमडीचं सध्याचं एएम५ सॉकेट सप्टेंबर २०२२ मध्ये आलं, आणि २०२७ पर्यंत व त्यापुढेही ते चालवू, असं कंपनीनं जाहीर केलंय. एडियसवर अवलंबून नसाल तर एएम५ वरचा बी६५० बोर्ड हा दूरचा विचार करणाऱ्याचा पर्याय. एडियस आणि ४:२:२ यात अडकलेल्यानं इंटेलच घ्यावा, ‘एफ’ नसलेला, आणि पुढे बोर्डासकट बदलण्याची मनाची तयारी ठेवावी. एच६१० सारख्या स्वस्त बोर्डात बहुधा रॅमच्या दोनच खाचा असतात. शे-दोनशे रुपयांच्या फरकाचा हा विषय नाही हे खरं, पण चार खाचांचा बोर्ड परवडत असेल तर तोच घ्यावा.

रॅमचा विषय सध्या नाजूक झालाय. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी ओढून घेतल्यामुळे २०२५ च्या शेवटच्या महिन्यांत भाव झपाट्यानं चढले. मायक्रॉननं तर डिसेंबरमध्ये क्रुशियल या नावानं सामान्य गिऱ्हाइकाला माल विकणं बंद करण्याचं जाहीर केलं. आज बजेट ताणलेलं असेल, तर १६ जीबीची एकच पट्टी घ्यावी, दुसरी खाच मोकळी ठेवावी. आठच्या दोन पट्ट्या भरून दोन्ही खाचा अडवू नयेत. स्वतंत्र कार्ड नसलेल्या मशीनवर मात्र एकच पट्टी लावू नका. आतल्या ग्राफिक्सला दोन पट्ट्या मिळाल्या की ते बरंच वेगानं चालतं.

आता सर्व्हिस, ज्यासाठी माणसं ब्रँडकडे जातात. ही भीती खरी आहे. धडगाव-शिरपूरच्या माणसाला कार्ड बिघडलं म्हणून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपर्यंत खेप घालणं परवडत नाही. पण असेंबल मशीनच्या प्रत्येक भागाला स्वतःची कंपनी वॉरंटी असते. कार्डाला साधारण तीन वर्षं, चांगल्या एसएमपीएसला पाच ते दहा. ब्रँडेड मशीनवर बऱ्याचदा सगळं मिळून एक ते तीन वर्षंच मिळतात. सगळी मदार बिलावर असते. प्रत्येक भागाचा सिरियल नंबर लिहिलेलं पक्कं जीएसटी बिल घ्या. तुमचा धंदा जीएसटी नोंदणीचा असेल तर भरलेल्या १८ टक्क्यांचं क्रेडिटही मिळतं, त्यामुळे कच्च्या बिलावर ‘सूट’ घेणारा व्यावसायिक बहुतेक वेळा नुकसानच करून घेतो. वॉरंटीचा माल पाठवण्या-आणण्याचं काम कोण करणार, किती दिवसांत, हे दुकानदाराकडून बिलाच्या मागे लिहून घ्यावं. जळगाव-धुळ्यात हे चोख करणारे दुकानदार आहेत. पाच जुन्या गिऱ्हाइकांना विचारलं की त्यांची नावं कळतात.

मशीन ताब्यात घेताना सकाळी जाऊ नका. दुपारी दोननंतर जा, कॅबिनेटचा पत्रा बंद करायला लावा, आपलीच एखादी जड फाइल पेनड्राइव्हवर नेऊन अर्धा तास रेंडरला लावा आणि जीपीयू-झेडसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये कार्डाचं तापमान आणि वेग बघत बसा. मग यूपीएसची वायर भिंतीतून काढून बघा. अर्ध्या तासात वेग उतरला नाही आणि वायर काढल्यावर मशीन बंद पडलं नाही, तरच उरलेले पैसे द्या.